थोडंफार म्हणणं मी सोडलं

"अंगावरून किती जातं?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हणाले, "थोडंफार."

धडधडीत खोटं. गेलं दीड वर्ष महिन्यातले दहा-दहा दिवस माझ्या अंगावरून जात होतं, गाठी पडत होत्या, दोन जिने चढले की कठड्याला धरून उभं राहावं लागत होतं. अंथरुणावर जुनं प्लॅस्टिक घालून मी झोपत होते. हे सगळं ज्याला सांगायचं तो माणूस टेबलापलीकडं पेन उघडून बसलेला, आणि मी फरशीकडं बघत म्हणते, थोडंफार. कारण माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर माझे थोरले दीर बसले होते.

आमच्या घरची रीत सांगते. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. त्यांना चहा हवा असला तर ते माझ्या नवऱ्याला म्हणणार, "तिला च्या ठेवाय सांग," आणि मी तिथंच चार हातांवर उभी असणार. बावीस वर्षं हे असंच चाललंय. माणूस वाईट नाही. उसाची तोड, पोरांच्या ॲडमिशन, म्हशीचं दुखणं, घरातलं सगळं तेच निस्तरतात. तसं माझं दुखणंही त्यांच्याकडंच गेलं. कोल्हापुरातले हे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, म्हणजे त्यांच्या भाषेत "आपल्यातलेच". थोडक्यात, ज्या एका माणसासमोर मी पाळीचा प सुद्धा काढू शकत नव्हते, नेमका तोच माणूस माझ्या पाळीची तक्रार घेऊन डॉक्टरकडं आला होता. नवरा खाली गाडी लावायला जागा शोधत होता. ती त्याला बराच वेळ सापडली नाही.

आता हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला, पुन्हा टेबलावर ठेवला आणि दिरांना म्हणाले, "पिशवीला सूज आहे. काढून टाकू. उगाच पुढं कॅन्सरबिन्सर निघाला तर काय घ्या? बुधवारी ॲडमिट करा."

मी फरशीलाच विचारलं, "पण पिशवी काढायची कशाला?"

डॉक्टर हसले. रागानं नाही, लहान मुलीनं काहीतरी विचारल्यावर हसावं तसे. "आता ठेवून करायचंय काय ताई? मुलं झाली ना?"

"तुम्ही तारीख धरा सायेब," दीर म्हणाले. "बायका काय, इचारत्यातच."

पाच मिनिटांत आम्ही बाहेर. नवरा जिना चढून वर येत होता. "काय म्हटलं डॉक्टर?" त्यानं विचारलं, ते मला नाही, भावाला.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी करते. तयार झालेले कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे तुकडे, तपासायचं काम. हातोडीनं हलकं ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर माल पुढं, बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे, वरून कितीही झकास दिसो. बद्द वाजलेल्या तुकड्यावर मी लाल खडूनं फुली मारते आणि तो तुकडा ट्रकमध्ये चढत नाही. त्यावरून मोठमोठे गडी माझ्याशी भांडलेत. एका फोरमननं एकदा "बाईमाणसाला काय ऐकू येतंय" म्हटलं, तर मी त्याचाच तुकडा फोडून आतली चीर त्याच्या हातावर ठेवली. अशी मी. आणि तीच मी त्या केबिनमध्ये थोडंफार म्हणून आले. मला डॉक्टरांचा राग होता, दिरांचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा होता. आणखी एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी थोडंफार म्हणाले तरी पिशवी काढायची. लई जातंय म्हणाले असते तरी पिशवीच काढली असती. मग विचारलंत कशाला?

घरी आल्यावर थोरल्या जाऊबाईंनी सूत्रं हातात घेतली. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. दिरांची बायको, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, शाळा चौथीपर्यंत, पण घर चालवण्यात कुणाला हार जाणार नाही. बुधवारपासून म्हशीची धार कोण काढणार, दवाखान्यात डबा कोण नेणार, उसाच्या पाण्याची पाळी कुणाची, सगळं त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं.

"अक्का, मला नको वाटतंय," मी म्हणाले.

"त्यात काय नको वाटायचंय? माझी एकतिसाव्या वर्षी काढली. ह्याच डॉक्टरनं. जिती हाय की न्हाय?"

जिती होत्या. एकतिसाव्या वर्षापासून भर थंडीत घामानं भिजत होत्या, सांधे धरून उठत होत्या, एवढ्यातेवढ्यावरून रडत होत्या, आणि तो आपला स्वभावच आहे असं त्यांनीही मानलं होतं आणि आम्हीही. दोन दिवसांत गल्लीतल्या बायका भेटून गेल्या. आल्या त्यांतल्या बहुतेकींची पिशवी काढलेली. मी एकेकीला विचारलं, तुमची का काढली? सूज हुती. डाग दिसला हुता. पांढरं जात हुतं. काढा म्हटलं डॉक्टर. एकीला तर आठवतही नव्हतं. बाळंतपणाची तारीख-वार सांगणाऱ्या बायका, आणि अंगातला एक अवयव का गेला हे कुणाला नीट सांगता येईना.

खोटं कशाला बोलू, एवढं होऊनही मी पिशवी भरली, कपड्यांची. कॅन्सर हा शब्द ऐकला की माणसाची मान आपोआप हलते, माझीही हलली.

बुधवारी सकाळी मला तो हिरवा गाऊन घालून कॉटवर बसवलं. एक सिस्टर आली, हातात कागद. माझ्याकडं न बघता नवऱ्याकडं गेली. "इथं सही करा. आणि इथं."

त्यानं खिशातून पेन काढलं सुद्धा.

"काय लिहिलंय त्यात?" मी विचारलं.

"संमतीपत्र आहे. सगळ्यांचंच घेतो."

"बघू."

तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्यानं दाराकडं, दाराबाहेर दीर उभे होते. मी हात पुढं करून कागद घेतलाच. छापील ओळी होत्या आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. ऑपरेशन कुठलं, मोकळं. धोके काय, मोकळं. पर्याय सांगितले का, मोकळं. खाली सहीच्या दोन जागा तेवढ्या पेन्सिलनं फुली मारून ठेवलेल्या. कंपनीत पहिल्या दिवशी मला जे शिकवलं ते हे, की तपासणीचा तक्ता भरल्याशिवाय खाली सही करायची नाही. लोखंडाच्या तुकड्यासाठी जो नियम मी इतकी वर्षं पाळला, तो माझ्या पोटासाठी कुणी पाळणार नव्हतं.

"ह्यात काय भरलेलंच नाही," मी म्हणाले. "आणि सही त्यांची कशाला? कापणार कुणाला आहात?"

"ताई, वेळ होतोय. डॉक्टर थिएटरमध्ये आलेत."

"येऊ देत की."

मी कॉटवरून उतरले. गाऊनच्या नाड्या मागून सुटलेल्या, त्या एका हातानं धरल्या आणि दारात गेले. कॉरिडॉरमध्ये बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या दिरांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या, मला माहीतच नव्हतं.

"भाऊजी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं सांगितलं. तुम्ही बसला हुता म्हणून. मला थोडंफार न्हाय जात. धा-धा दिस जातंय, दीड वरीस झालं. गाठी पडत्यात. जिना चढवत न्हाय. हे डॉक्टरला ठाऊकच न्हाय, आन् ठाऊक नसताना त्यो माझं पोट फाडणार हाय. मी न्हाय ऑपरेशन करून घेणार."

आवाज मोठा झाला होता. आमच्याकडं तसाही कुणाचा लहान नसतो. बाकावरच्या एका म्हातारीनं "आगं बया" म्हटलं. दीर भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडं बघत राहिले, मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, आत जा म्हणावं."

"मी हितंच हाय," मी म्हणाले. "मलाच सांगा."

ते जिन्यानं खाली गेले.

मग डॉक्टर आले. ते हसत नव्हते. पुढं काही झालं तर जबाबदारी आमची नाही, वगैरे. मी म्हटलं, लिहून द्या आणि माझे सगळे कागदही द्या. सिस्टर म्हणाली, केसपेपर पेशंटला देत नाही. मी म्हटलं, मग कॉट सोडत नाही, दुसऱ्या पेशंटला कुठं झोपवायचं ते तुम्ही बघा. साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन मी त्या कॉटवर तासभर बसले. तासाभरानं झेरॉक्स आली.

परतताना गाडीवर, गावाच्या फाट्याला आल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत घालवलीस की लाज."

"लाज माझी हाय," मी म्हटलं. "मी घालवीन न्हाईतर ठेवीन."

पुढचे चार दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. अक्कांनी तर भांडी आपटून आपटून माझ्यावरचा राग काढला. त्यांच्या नवऱ्याला मी भर दवाखान्यात तोंडावर बोलले होते, तेही तसल्या विषयावर. मी त्या चार दिवसांत एक कागद तयार केला. कंपनीत तक्ता भरतो तसा. कुठल्या महिन्यात किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी केवढ्या, दम कधीपासून, केस कधीपासून गळतात, वजन किती वाढतंय. लिहिता लिहिता मलाच धक्का बसला. हे सगळं अंगावर काढत मी आठ तास उभी राहून काम करत होते, आणि कुणी विचारलं तर बरं हाय म्हणत होते.

मुरगूडला माझं माहेर. तिथल्या चुलत बहिणीनं एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला होता. कोल्हापुरातच, एका गल्लीत वरच्या मजल्यावर छोटा दवाखाना. मी रजा टाकून एकटीच गेले. बाहेर बसलेल्या मुलीनं विचारलं, "बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे."

ह्या बाईही देवी नव्हत्या हं. घाईत होत्या, बाहेर रांग होती. माझा कागद त्यांनी घेतला, आधी नुसता चाळला, मग थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचला. "हे कुणी लिहून दिलं?" "मीच." त्यांनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, त्यात थायरॉइडची लिहिली. मग पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा घेऊन तपासायला पाठवू म्हणाल्या, म्हणजे कॅन्सरचं भय खरं की खोटं ते कळेल. आणि घंटी वाजवली, पुढच्या पेशंटसाठी.

मी उठले नाही. "मॅडम, माझे अजून दोन प्रश्न आहेत."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. बघू दे. मी केसपेपरची झेरॉक्स पुढं केली आणि ऑपरेशनच्या नावापुढं लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "टीएएच, बीएसओ. हे काय?"

त्यांनी ती ओळ वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पिशवी आणि दोन्ही बाजूच्या ओव्हरी. म्हणजे अंडाशय. तेही काढणार होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

त्यांनी मला समजावलं. अंडाशयं असतात म्हणून बाईचं अंग वेळेआधी वठत नाही. हाडं, झोप, अंगातली ऊब, सगळ्याशी त्यांचा संबंध. ती तरुणपणी काढली तर पाळी जायचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात आणि हाडं ठिसूळ होतात. कधी कधी काढावी लागतात, पण मग ते बाईला बसवून सांगावं लागतं. हे सगळं सांगायला त्यांना सात-आठ मिनिटं लागली. रांग थांबली, काही बिघडलं नाही.

तुकड्याच्या रिपोर्टची वाट बघण्यातले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चुकलं असेल तर? नुसत्या हट्टापायी जिवावर बेतलं तर? कंपनीत हातोडी मारायचे आणि आवाजच ऐकू यायचा नाही. रिपोर्ट आणायला नवरा म्हणाला, मी येतो. आला. गाडी लावायला जागा त्याला लगेच सापडली, आणि आत डॉक्टरबाईंनी "काय म्हणता?" विचारल्यावर तो हाताची घडी घालून गप्प बसला. कॅन्सर नव्हता. रक्त मात्र निम्म्यावर आलं होतं आणि थायरॉइड बिघडला होता. सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारकी गोळी, रक्त भरून यायच्या गोळ्या, आणि पाळीसाठी काही महिने औषध. पिशवी काढायची वेळ पुढं कधी आलीच, तर तेव्हा बोलू, असं ठरलं. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

सहा महिन्यांत दिवस दहावरून पाचावर आले. मी कंपनीचा जिना पुन्हा न थांबता चढू लागले. अंथरुणावरचं प्लॅस्टिक मी चुलीत घातलं, ते जळताना वास सुटला आणि अक्का ओरडल्या, तरी मला फार बरं वाटलं.

दीर माझ्याशी अजूनही बोलत नव्हते, पण तो त्यांचा नेहमीचाच कार्यक्रम.

मग एका रविवारी दुपारी घरातली कामं उरकल्यावर अक्का माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. पदराखालून साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वाच," म्हणाल्या.

आत त्यांचे कागद होते, सतरा वर्षांपूर्वीचे, घड्यांवर फाटलेले. मी आधी सोनोग्राफीचा उलगडला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण ही भाषा मी आता शिकले होते. गर्भाशय, आकार नॉर्मल. अस्तर नॉर्मल. गाठ नाही, सूज नाही. मी दुसऱ्यांदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. मग सुट्टी देतानाचं कार्ड. ऑपरेशनच्या नावापुढं तीच अक्षरं, टीएएच, बीएसओ.

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, सांगू नये. सतरा वर्षं झाली, आता काय उपयोग, उगाच जिवाला घोर. आणि लगेच माझीच मला चीड आली. बाईच्या भल्यासाठी तिला न सांगणारे आजवर थोडे झाले का, की त्यात मीही बसावं?

"अक्का, हितं नॉर्मल लिवलंय."

नॉर्मल हा शब्द आमच्याकडं सगळ्यांना कळतो. "नॉर्मल म्हंजी चांगली?"

"व्हय."

"मग काढली का?"

मी पुढचं सांगितलं, अंडाशयांचं. घाम कशाचा, सांधे कशानं, उगाच येणारं रडू कशामुळं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी माझा सवभाव न्हवता त्यो."

"न्हाय अक्का."

"सतरा वरसं मला समदी किरकिरी म्हणत्यात."

मी मान खाली घातली, कारण त्या समद्यांत मीही होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत. कागद नीट घडीवर घडी घालून हातात घेतले आणि विचारलं, "तुझ्या त्या बाई हाडांचं काय औशीद देत्यात का?" मी म्हटलं, देतात, उद्याच जाऊ. "जाऊ," म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर जाताना स्वयंपाकघराच्या फळीकडं वळल्या, तिथून काहीतरी घेतलं, आणि पुढच्या सोप्यात गेल्या. दीर तिथं आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

"उठा," अक्का म्हणाल्या. "ह्यो कागद वाचून दावा मला."

"कसला कागद?"

"तुम्ही सही करून माझं आपरीशन केलासा त्यो."

त्यांनी कागद बघितला आणि बघताच ओळखला असावा. "आता जुनं काय उकरत बसलीस? आन् माझा चष्माबी न्हाय हितं."

अक्कांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडून चष्मा त्यांच्यापुढं धरला. "मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या.